बावीस जिन्नसांचा फरक

१ जून २०२५, रविवार

गायत्रीचा फोन बरोबर दहाला आला. बावन्न मिनिटं चालला. फरक निघाला शहाऐंशी रुपये.

शहाऐंशी ऐकून मी बेरीज पुन्हा एकदा केली. हे कुणाला तरी सांगायचं होतं आणि घरात मी सोडून कुणी नाही, म्हणून ही वही आणली. उत्तरेश्वरच्या किराणा दुकानात पस्तीस रुपयांना मिळाली. गेल्या साली हीच वही चाळीसला होती, असं तो कौतुकानं सांगत होता. मला कौतुक वाटलं नाही.

हा फरक काय आहे ते आधी लिहून ठेवतो, नाहीतर मागं वही कुणाच्या हाती लागली तर म्हाताऱ्याला भ्रम झाला होता म्हणतील. मी महांतप्पा, मुरूमच्या बाजार समितीत एकतीस वर्षं कारकून होतो. सौदे झाले की त्या दिवसाचे भाव फळ्यावर खडूनं लिहायचे, हे माझं काम. दोन हजार पंधराला सुटलो. जुजबी पेन्शन आणि ठेवीचं व्याज, यावर माझं भागतं. शांता, म्हणजे आमच्या घरातली, तेवीसच्या दिवाळीनंतर आठ दिवसांनी गेली. पाहुणे पांगल्यावर गायत्री म्हणाली, पुण्याला चला. मी नाही म्हणालो. मग म्हणाली, महिन्याला पाच हजार पाठवते. त्यालाही नाही म्हणालो. लेकीच्या पैशावर जेवण माझ्या घशाखाली उतरलं नसतं. दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी तिनं शांताची किराण्याची यादी काढली. बावीस जिन्नस, वजनासकट. वजनं एकट्या माणसापुरती केली आणि मला त्या महिन्याचे भाव विचारले. बेरीज तीन हजार नऊशे बारा.

"हे तुमचं, अप्पा," ती म्हणाली. "याच्यावर बाजार जेवढा चढंल, तेवढंच मी देणार. ते काय तुम्हाला देत न्हाय मी. बाजाराला देते."

मला मुद्दा पटला. कारकुनाला पटण्यासारखाच होता.

तेव्हापासून दर महिन्याच्या पहिल्या रविवारी ती फोन करते. मी एकेक भाव सांगतो, ती तिकडं लिहून घेते, दोघं आपापली बेरीज करतो, जुळली की फरकाचे पैसे माझ्या फोनवर येतात. पण कुठलाही भाव नुसता सांगून होत नाही. गेल्या नोव्हेंबरात लसूण चारशे झाला होता, तर एकट्या लसणावर आम्ही वीस मिनिटं काढली. त्या महिन्यात फरक होता सातशे चाळीस आणि फोन दीड तास चालला. जेवढा बाजार चढतो तेवढं आमचं बोलणं लांबतं. नुसतं बोलायला म्हणून फोन करायची आम्हा बापलेकीत रीत नाही. शांता होती तेव्हा त्या दोघी बोलायच्या आणि मी पेपर वाचतोय असं दाखवून ऐकायचो.

नोव्हेंबरात सातशे चाळीस, मार्चात तीनशे दहा, आज शहाऐंशी. फरक शून्य झाला तर ती फोन कशासाठी करेल? बाकी ठीक. आज ऊन फार होतं.

१२ जून, गुरुवार

ठेवीची मुदत संपली म्हणून बँकेत गेलो. काउंटरवरची मुलगी गोड बोलते, पण बातमी कडू होती. व्याजाचा दर उतरलाय. महिन्याला साडेचारशेच्या आसपास कमी मिळणार.

"असं कसं?" मी विचारलं.

"महागाई कमी झाली ना काका, म्हणून व्याज बी कमी झालंय. समदीकडं असंच हाय."

म्हणजे डाळ स्वस्त झाली म्हणून माझे पैसे कमी. मी ताकाची पिशवी घ्यायला निघालो होतो, ती न घेताच घरी आलो. हे साडेचारशे फरकात धरावेत काय, असा विचार दिवसभर घोळत राहिला. नाही धरायचे. गायत्रीशी ठरलंय ते भावाचं ठरलंय. व्याजाचा शब्दही त्यात नव्हता. ठरल्यात नसलेलं मागून घुसडणारे बाजारातले अडते मी आयुष्यभर पाहिलेत, त्यांच्या ओळीत जाऊन बसणार नाही. चहा एक वेळचा बंद करतो.

६ जुलै, रविवार

फरक नऊ रुपये.

तूरडाळ पडली, कांदा पडला, बटाटा पडला, लसणाचं तर तोंडही बघवत नाही. एकटं खोबरं आणि थोडंफार तेल माझ्या बाजूनं उभं आहे. बाजारात मी खोबऱ्यावाल्याकडं असा प्रेमानं बघतो की त्याला वाटत असेल, म्हाताऱ्याला काहीतरी झालंय.

फोन एकतीस मिनिटं. त्यातही तिचं लक्ष नव्हतं. मागं कुकरच्या शिट्ट्या होत होत्या. एक, दोन, तीन करत मी अकरा मोजल्या. पाहुणे आलेत काय विचारलं तर म्हणाली, "व्हय, हाय जरा गर्दी." मग मलाच विचारते, "अप्पा, तूरडाळ किलोनं नगं, कट्ट्यानं घेतली तर कितीला पडंल?" दोन माणसांच्या घराला तीस किलोचा कट्टा कशाला लागतो? पुण्यात राहून लेकीचा हात सैल झालाय, असं मनात आलं. बोललो नाही. शेवटी घुटमळत विचारलं तिनं, "ठेव मुदतीच्या आत मोडली तर किती कापत्यात ओ?" मी सांगितलं, एक टक्का वगैरे. "असंच इचारलं," म्हणाली आणि ठेवला.

नऊ रुपये आले. फोननं टिंग केलं. नऊ रुपयांनाही तेवढाच आवाज करतो तो.

७ जुलै, सोमवार

तो ठेवीचा प्रश्न डोक्यातून जात नाही. धुरपदाबाई सकाळी भाकरी टाकायला येतात, त्यांना सहज बोललो. त्या म्हणाल्या, "लेकी इचारत्यातच की. बाप थकला म्हंजे इचारत्यातच." पुढं काही बोलल्या नाहीत, पण त्यांनी परातीत पीठ जरा जास्तच जोरानं मळलं.

लेकीचा डोळा माझ्या ठेवीवर आहे, असल्या संशयाची मला लाज वाटते. तरी संशय आला, हे खरं आहे, म्हणून लिहिलं.

३ ऑगस्ट, रविवार

उणे एकसष्ट.

वहीत आकड्याच्या आधी ही आडवी रेघ पहिल्यांदाच ओढली. बेरीज तीनदा केली. तिची आणि माझी जुळली.

"म्हंजी अप्पा, ह्या महिन्याला काय पाठवायचं न्हाय?"

"नाही. उलट माझ्याकडं तुझे एकसष्ट निघतात."

ती हसली. "राहू द्या ओ. तुमच्याकडंच असू द्या."

मी उगाच खोबऱ्याचा विषय काढला. "अप्पा, जरा गडबड हाय," म्हणाली. चौदा मिनिटं. आणि ठेवताना तिनं श्वास सोडला तो मी ऐकला. ओझं खाली ठेवताना माणूस सोडतो तसला. पाठवायचं काही नाही कळल्यावर तिला सुटल्यासारखं वाटलं. मला ते फार लागलं. नऊ रुपयेच तर होते, गायत्री.

१० ऑगस्ट, रविवार

उत्तरेश्वरच्या दुकानापुढच्या बाकावर तासभर बसलो. पूर्वी इथं जागा मिळत नसे. येईल तो आधी महागाईला शिव्या द्यायचा, मग सरकारला, मग उत्तरेश्वरला, आणि त्यातून त्याच्या घरचं सगळं कळायचं. पोरीचं जमलं का, गुडघ्याचं ऑपरेशन झालं का. आता लोक येतात, पिशवी भरतात, जातात.

"मुकं झालंय दुकान," उत्तरेश्वर म्हणाला. "भांडाय बी कोण येईना. लई बेकार वाटतंय बगा."

मी म्हणालो, तुझा धंदा तरी होतोय ना.

"होतोय की. पण माज्या सासऱ्याला इचारा. पंधरा क्विंटल तूर घरात ठिवून बसलाय, भाव येईल म्हणून. आता रोज उठून पोत्याकडं बगतोय निस्ता."

मी फळ्यावर भाव लिहायचो तेव्हा हे कळायचं. आकडा खाली आला की फळ्यापुढं उभे असलेले निम्मे लोक खूश व्हायचे आणि निम्मे बिडी पेटवून बाजूला जायचे. आज मी कुठल्या निम्म्यात आहे ते मला ठरवता येत नाही. खर्च कमी झाला, व्याजही कमी झालं, हिशोब जागच्या जागी राहिला. मधल्या मधे माझा रविवार तेवढा गेला.

७ सप्टेंबर, रविवार

दहा वाजले. साडेदहा. मी फोन हातात घेऊन खुर्चीत बसलो होतो, आंघोळ करून, धुतलेला सदरा घालून. फोनवर सदरा दिसत नाही हे मला कळतं.

पावणेअकराला मेसेज आला. ‘अप्पा, भाव इथंच टाका. मी बेरीज करून सांगते.’

एका बोटानं बावीस जिन्नस टाइप केले. तेवढ्याला पाऊण तास लागला. पुढं कुठल्या पेठेतला, कुणाच्या दुकानातला, कांदा कसा होता, ओला की वाळला, तेही लिहिलं. दुपारी तिच्याकडून उत्तर आलं. ‘उणे ९३’ आणि एक अंगठा.

आता खरं ते लिहितो. टाइप करताना तूरडाळीपुढं मी एकशे साठ लिहिलं होतं. आहे एकशे पंधरा. पंचेचाळीस रुपये चढवले की फरक वर येतो आणि ती विचारणार, अप्पा, एवढी कशी वाढली? मग मला बोलता आलं असतं. दोन मिनिटं त्या आकड्याकडं बघत बसलो आणि पुसला. एका अडत्यानं एकदा पाच रुपये चढवून लिही म्हणून माझ्या खिशात पाकीट कोंबलं होतं, ते मी सगळ्यांदेखत जमिनीवर टाकलं होतं. ते पाकीट टाकणारा मी आता पोरीसमोर खोटा कसा पडणार?

२३ सप्टेंबर, मंगळवार

पावसानं मांडलंय. शेतात सोयाबीन काळं पडलं, नद्यांना पूर, परंड्याकडं तर गावंच्या गावं पाण्यात आहेत असं टीव्हीवर दाखवतात. आणि त्याच टीव्हीवर लगेच आनंदाची बातमी, कालपासून कर कमी झाल्यामुळं साबण, तेल, दंतमंजन स्वस्त.

साबण माझ्या यादीत अठराव्या नंबरला आहे. तोही फितूर झाला.

५ ऑक्टोबर, रविवार

उणे एकशे अठ्ठेचाळीस. मीच बेरीज केली आणि मीच कळवली. खाली लिहिलं: ‘आता फरक उणेच राहणार असं दिसतं. यापुढं भाव पाठवायची गरज नाही असं मला वाटतं.’

मला तसं मुळीच वाटत नव्हतं. असं लिहिलं की ती फोन करेल, ‘असं काय करता अप्पा’ म्हणेल, असं वाटलं होतं. शांता असती तर म्हणाली असती, सरळ बोलायला तुमच्या बापाचं काय जातं?

दोन तासांनी उत्तर. ‘बरं अप्पा. तब्येतीला जपा.’

दिवसभर घरात टीव्ही चालू ठेवला. काय लागलं होतं ते सांगता येणार नाही.

२२ ऑक्टोबर, बुधवार, पाडवा

गायत्री दिवाळीला आली नाही. आठ दिवसांपूर्वीच कळवलं होतं, श्रीनाथला सुट्टी नाही. श्रीनाथ म्हणजे जावई. कंपनीत चांगल्या जागेवर आहे, पण दिवाळीलाही सुट्टी न देणारी कंपनी मी पहिल्यांदाच ऐकली.

एसटीनं फराळाचं पार्सल आलं. लाडू, चकली, शेव, करंज्या. सगळं प्लास्टिकच्या डब्यांत, वर चिकटवलेली चिठ्ठी: ‘चकली अर्धा किलो’ आणि किंमत. विकतचा फराळ पाठवला बापाला. स्वतः चार चकल्या तळायलाही वेळ नाही. मी रागानं डबे तसेच ठेवणार होतो, पण पाडव्याला रिकाम्या तोंडानं कसं बसायचं, म्हणून एक उघडला.

चकली तोंडात टाकली आणि थांबलो. तिळाबरोबर किंचित धने. असं फक्त शांता करायची. तिच्या माहेरची, आळंदकडची पद्धत. कुणा पुण्याच्या बाईला हे कसं माहीत, कोण जाणे. दुकानदारानं नेमका आमच्या घरचा हात उचललाय. किंमत बघितली तर तेल आणि भाजणीचा खर्च जाऊन हाती काही राहत नसावं, इतकी कमी. मूर्ख आहे तो माणूस. अशानं धंदा चालत नाही, त्याला कुणीतरी सांगायला पाहिजे.

सात चकल्या खाल्ल्या. नंतर देवापुढं दिवा लावला आणि फार रडू आलं. सणाला घरात एकाच माणसाची ताटवाटी विसळणं मला अजून जमत नाही.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

आज जे झालं ते सगळं नीट लिहायचं आहे.

सकाळी पेपरात पहिल्या पानावर होतं, देशाची महागाई पाव टक्क्यावर. इतकी कमी कधी नव्हती म्हणे. एकतीस वर्षं भाव लिहिलेल्या माणसाला ही बातमी एकट्यानं वाचवत नाही. बाकावर गेलो तर उत्तरेश्वर उमरग्याला गेलेला. घरी परतलो. फोन हातात घेतला. गुरुवार होता आणि साडेअकरा वाजले होते. पहिल्या रविवारी दहाला यायचा तो तिचाच फोन, मी दोन वर्षांत तिला कधी आपणहून केला नव्हता. पण मनात म्हटलं, बातमी एवढी मोठी आहे, सांगायला हरकत नाही.

फोन श्रीनाथनं उचलला.

"मामा? तुम्ही? बरं हाय ना सगळं?"

"बरं आहे. तुम्ही घरी कसे, गुरुवारचे?"

मागं शिट्टी झाली, मग दुसरी.

"गायत्री कुठाय?"

"डबे पोचवाय गेलीय," तो म्हणाला. आणि मग, धरून ठेवलेलं एकदम सुटावं तसा बोलत गेला. जूनच्या वीस तारखेला कंपनीनं माणसं कमी केली, त्यात तोही गेला. दुसरीकडं अजून लागत नाही. गायत्रीनं जुलैपासून जेवणाचे डबे सुरू केले. आधी चार होते, आता बावन्न. तो भाज्या चिरतो, कणीक मळतो, ती रांधते आणि स्कूटरवर पोचवते. दिवाळीला फराळही केला, साठ किलो.

मी या वहीची मागची पानं उलटली. अकरा शिट्ट्या. डाळीचा कट्टा. मोडायची ठेव, ती तिची स्वतःची. चकलीतले धने. मी सगळं लिहून ठेवलं होतं आणि एकही ओळ मला वाचता आली नव्हती.

"स्वस्ताई हाय म्हणून तर डबा निभावतोय, मामा," श्रीनाथ म्हणाला. "कांदा, डाळ मागच्या सालासारखी असती तर आठ दिसांत बंद पडलं असतं. ती रोज भाव बघती आणि म्हणती, देवा, अजून थोडे दिस असंच राहू दे."

आणि इकडं मी देवाकडं खोबरं चढू दे म्हणून मागत होतो.

आता अडचण अशी की इमारतीतल्या लोकांनी तक्रार केलीय, एवढा स्वयंपाक घरात करायचा नाही. खाली एक छोटा गाळा मिळतोय. आगाऊ रक्कम चाळीस हजार, डिसेंबरच्या दहा तारखेच्या आत. कुठूनही जमत नाही. नाही जमलं तर डबे बंद.

"मला का सांगितलं नाही?"

"मी म्हणालो होतो तिला. ती म्हणाली..."

"बोला."

"म्हणाली, अप्पांनी माझ्याकडनं नऊ रुपये बी फरक म्हणूनच घेतले. म्या त्यांच्याकडनं फुकट कशी घेऊ?"

मी त्याला म्हणालो, मी फोन केला होता हे तिला सांगू नका. तो म्हणाला, मीही तुम्हाला काही बोललो नाही. चांगला मुलगा आहे. मी त्याच्याशी आजवर दहा वाक्यं बोललो नसेन.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

चार दिवस झोपेचं खोबरं. पैसे आहेत. पन्नास हजारांच्या ठेवीची एक पावती वेगळी आहे, माझं शेवटचं कार्य व्यवस्थित व्हावं म्हणून ठेवलेली. मेलेल्याला कुणी ना कुणी उचलतंच, त्यासाठी एवढी तरतूद नको. सकाळी बँकेत जाऊन ती मोडली. काउंटरवरची मुलगी म्हणाली, काका, मोडू नका, पुन्हा एवढंही व्याज मिळायचं नाही. मी म्हणालो, राहू दे.

पैशाचा प्रश्न नाही. द्यायचे कसे, हा आहे. नुसते पाठवले तर ती त्याच दिवशी परत करेल. मी तिला ओळखतो, कारण तिच्या जागी मी असतो तर हेच केलं असतं. घ्यायचं तर हिशोबानं घ्यायचं, हे तिला मीच शिकवलं. आणि त्या शिकवण्याचा मला पहिल्यांदाच राग आला.

७ डिसेंबर, रविवार

दहाला पाच कमी असताना फोन मी केला.

"अप्पा?" तिचा आवाज घाबरा झाला. "काय झालं?"

"काही नाही. वही घे. भाव सांगायचेत."

"भाव तर तुम्हीच बंद केले की."

"चालू केले. घे वही."

मागं शिट्ट्या होत होत्या. "अहो, गॅस बारीक करा," ती तिकडं ओरडली. मग पानं उलटल्याचा आवाज आला.

"ज्वारी," मी म्हणालो. "सव्वादोन."

"सव्वादोन काय?"

"रुपये. किलोला."

एकतीस वर्षं फळ्यावर एक आकडा खोटा लिहिला नाही, आणि आता तोंडानं बावीस सांगायचे होते. ते मी मनानं रचले मात्र नव्हते. सत्याऐंशी सालचे होते, ती जन्मली त्या वर्षीचे, मला अजून पाठ आहेत. खोटं बोलायचंच तर ते कधीकाळी खरं असलेलं तरी असावं, एवढी अब्रू मी राखली.

"लिहिलं," ती म्हणाली.

"तांदूळ साडेचार. साखर साडेसहा."

"लिहिलं."

"तूरडाळ नऊ."

मला वाटलं, आता म्हणेल, अप्पा, हे काय चाललंय? पण ती म्हणाली, "तूर लईच पडली म्हणायची. पुढं?"

"तेल अठ्ठावीस."

"तेल महाग पडतंय, अप्पा," ती म्हणाली. आवाज हलत होता, पण तिनं तो सावरला. "दुसऱ्या दुकानात इचारा."

"विचारतो. कांदा दोन. लसूण आठ. खोबरं पंचवीस."

साबण, चहा, दूध, सगळं झालं. शेवटी गॅस, सत्तावन्न. त्यावर तिला ‘लिहिलं’ म्हणता आलं नाही. नुसता नाक ओढल्याचा आवाज आला.

बेरीज आम्ही दोघांनी केली. तीनशे अठ्ठ्याण्णव. जुळली.

"फरक उणे तीन हजार पाचशे चौदा," मी म्हणालो. "म्हणजे मी तुझं देणं लागतो. बाजार वर्षभर असाच राहील असा माझा अंदाज आहे, म्हणून बारा महिन्यांचं एकदम उद्या पाठवतो. बेचाळीस हजार एकशे अडुसष्ट. दर महिन्याला बँकेत जायला माझे पाय दुखतात."

"यांनी सांगितलं ना तुम्हाला?"

"कुणी? काय?"

मग ती रडली. मी रडू दिलं. समजावायला मला येत नाही, पण फोनही ठेवला नाही. मग मीच म्हणालो, जे मला जूनमध्येच म्हणायला पाहिजे होतं. म्हणालो, "गायत्री, मला पैसे कधीच नको होते. तू बोलायचीस म्हणून मी भाव लिहायचो."

"मला काय म्हाईत न्हाय व्हय?" ती म्हणाली. "म्हणून तर यादी काढली हुती मी."

नंतर तिनं सगळं सांगितलं. कंपनीचं, इमारतीतल्या लोकांचं, पहिल्या दिवशी करपलेल्या भाजीचं, डबा खाऊन आपली आई आठवली म्हणणाऱ्या एका मुलाचं. मी तिला कट्टा कुठल्या महिन्यात भरावा ते सांगितलं. फराळाची किंमत फार कमी लावलीस म्हणून रागावलोही. ती म्हणाली, पुढच्या दिवाळीला तुम्हीच भाव ठरवा. एक तास पन्नास मिनिटं झाली. कुकर उतरवायला श्रीनाथ होता.

ठेवताना ती म्हणाली, "पुढच्या रविवारी करू फोन?"

पुढचा रविवार म्हणजे चौदा तारीख. पहिला नव्हे. मी म्हणालो, "आठ दिवसांत भाव काही बदलत नाहीत."

"म्हाईत हाय, अप्पा," ती म्हणाली.